म्यानात सुटलेली गोळी

१

रॉस्को स्टिडम मेला तेव्हा त्याचं पिस्तूल त्याच्याच कमरेला होतं, होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, जागच्या जागी. गोळी तेवढी सुटली होती.

नोव्हेंबरातल्या रविवारी भर दुपारी वेल्मा टॅकेटला फोन आला. अवेळी मृत्यूंची चौकशी करणाऱ्या काउंटीच्या कॉरोनरची ती साहाय्यक. बावीस वर्षं हे काम, आणि त्याआधी अकरा वर्षं खाणीजवळच्या दवाखान्यात नर्स. डोंगरातल्या त्या काउंटीत कुणी अवेळी गेलं की वेल्माची निळी गाडी दारात लागायची. त्यामुळे एरवी ती दुकानात भेटली तरी लोक चटकन दुसऱ्या रांगेत सरकत. तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

लॉरेल फोर्कच्या चर्चमध्ये प्रवचन संपलं होतं आणि तळघरातल्या मोठ्या खोलीत पानं वाढली जात होती. घेवड्याचा रस्सा, मक्याचा पाव, केळ्यांचं पुडिंग. वेल्मा पोचली तेव्हा सगळं तसंच टेबलांवर गार होत पडलेलं होतं आणि माणसं मागच्या आवारात घोळका करून उभी होती. मधोमध रॉस्कोचा पिकअप. दार उघडं. शाळेची बस चालवणारा हा शेहेचाळीस वर्षांचा दांडगा माणूस सीटवर मान टाकून बसला होता, आणि पायाखालची रबरी चटई रक्ताने भरली होती. गोळी जांघेत शिरून मांडीतून खाली गेली होती.

शेरीफ डॉइल फ्यूगेटचा निष्कर्ष वेल्मा यायच्या आधीच तयार होता. रॉस्कोचा धाकटा भाऊ केल्बी गाडीशी उभा राहून भांडत होता, हे चौघांनी ऐकलं होतं. "तू नसतास तर माझं बरं झालं असतं," असं तो ओरडला होता. मग आवाज झाला आणि केल्बी ओढ्याकडे पळाला. अर्ध्या तासात शेरीफच्या माणसांनी त्याला झुडपातून ओढून काढलं. त्याच्या बाहीवर बंदुकीच्या दारूचे कण मिळाले. केल्बीने नशेच्या गोळ्यांच्या व्यसनापायी तुरुंग पाहिला होता. अशा माणसाबद्दल गावाला फार विचार करावा लागत नाही.

"खाली वाकला, भावाच्या कमरेचं पिस्तूल उपसलं, झाडलं आणि परत खोचून ठेवलं," शेरीफ म्हणाला. "अपघात वाटावा म्हणून."

अपघात कशावरून नाही, असं वेल्माने विचारलं. शेरीफने व्हर्जिल ॲम्बर्गीकडे बोट दाखवलं. व्हर्जिल चर्चचा कारभार बघणारे डीकन, सगळे त्यांना ब्रदर म्हणत; वय सत्तर, खाणीतले निवृत्त वायरमन. घरच्या गॅरेजमध्ये ते कडक प्लास्टिकची होल्स्टरं बनवत. रॉस्कोचं त्यांनीच बनवलेलं, शेरीफचंही. चर्चच्या राखणीला पिस्तूल लावून बसणारी सगळी एकतीस माणसं त्यांचंच होल्स्टर वापरत. आवारात गाड्यांवर लक्ष ठेवायची पाळी त्या दिवशी त्यांची होती. गाडीपाशी पहिले तेच पोचले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जखम दाबून धरून बसले, असं त्यांनी सांगितलं.

"माझ्या होल्स्टरमध्ये चाप चारी बाजूंनी झाकलेला असतो," ते हळू आवाजात म्हणाले. "आत असलेलं पिस्तूल आपणहून सुटूच शकत नाही. कुणीतरी बाहेर काढल्याशिवाय नाही."

केल्बीवर खुनाचा आरोप ठेवायला तेवढं एक वाक्य पुरलं.

२

तुरुंगात केल्बी भिंतीला टेकून बसला होता. एकोणतीस वर्षांचा, पण हातांची कातडी म्हाताऱ्यासारखी. दोन वर्षं त्याने नशेच्या गोळीला हात लावला नव्हता, आणि ही दोन वर्षं त्याच्याखेरीज मोजली होती फक्त रॉस्कोने.

भांडण कशावरून, हे त्याने न विचारता सांगितलं. बसच्या गॅरेजमध्ये धुण्यापुसण्याचं काम निघालं होतं. रॉस्कोने एक शब्द टाकला असता तर मिळालं असतं. रॉस्को म्हणाला, अजून एक वर्ष जाऊ दे.

"पळालास का?"

"माझ्यासारख्या शिक्षा झालेल्याने बंदुकीच्या जवळ असणं हाच गुन्हा आहे, मिस वेल्मा. आवाज झाला आणि पाय आपोआप सुटले. त्याला काय झालंय ते मी बघितलंसुद्धा नाही." मग तो म्हणाला, "बघायला पाहिजे होतं."

आवाज होण्याआधी रॉस्कोने काय काय केलं ते क्रमाने सांग, असं वेल्माने त्याला तीनदा सांगायला लावलं. तिन्ही वेळा त्याने तेच सांगितलं. रॉस्को गाडीत चढला. सीटचा पट्टा लावायला लागला. पट्टा पिस्तुलाच्या मुठीला अडला. मूठ वर आली होती. मग त्याने पोटाशी तळहात ठेवून ती खाली दाबली, नेहमी दाबायचा तशी.

"नेहमी म्हणजे?"

"हल्ली सारखा दाबायचा. बसला की मूठ वर यायची."

वेल्माने ते वहीत लिहून घेतलं. ती उठली तेव्हा केल्बी म्हणाला, सरकारी वकील येऊन गेले. भांडणाच्या भरात गोळी सुटली असं कबूल केलं तर शिक्षा निम्म्यावर येईल. शुक्रवारी सही करायची आहे.

"तू केलंयस का?"

"आई आली होती," तो म्हणाला. "काचेपलीकडे बसली. फोन उचललाच नाही तिने. माझे हात बघत होती."

३

रॉस्कोची बायको रेंडा घरापुढच्या पायरीवर स्वेटर गुंडाळून बसली होती. आत तिच्या बहिणी भांडी घासत होत्या. केल्बीने हे केलं असेल असं तिला वाटत नव्हतं, पण नसेल असंही तिला म्हणवत नव्हतं. नवऱ्याशी तिचं बरं चाललं होतं का, हेही वेल्माने विचारून घेतलं, कारण ते विचारावं लागतं. रेंडा रागावली नाही. उन्हाळ्यात महिनाभर ती बहिणीकडे जाऊन राहिली होती, असं तिने सांगितलं. मग परत आली.

पिस्तुलाचं विचारल्यावर ती गोंधळली. त्यातलं तिला काही कळत नव्हतं. तिला एकच माहीत होतं: त्याला खाली एक छोटी टॉर्च होती.

"होती?"

पंधरा दिवसांपूर्वी घराखालचा पाण्याचा पाइप फुटला, तेव्हा रॉस्को कामावर होता. रेंडाने पिस्तुलाखालची टॉर्च सोडवून घेतली आणि घराखाली सरपटत गेली. तिथे ती दगडावर पडून फुटली. रॉस्को काही बोलला नाही. पण तेव्हापासून पिस्तूल होल्स्टरमध्ये खुळखुळतं म्हणायचा. नवीन करून घ्यायला म्हणून तो ब्रदर व्हर्जिलकडे जाऊनही आला होता.

"मग?"

"ते म्हणाले, नवीन कशाला, स्क्रू आवळला की झालं. तिथेच आवळूनही दिला."

वेल्माने पेन खाली ठेवलं. रेंडा आपल्याच नादात बोलत होती. त्या दिवशी तिला गाडीजवळ कुणी जाऊ दिलं नाही, ब्रदर व्हर्जिलनीच तिला धरून ठेवलं. ते रुमालाला बोटं पुसत पुसत आले आणि त्यांनी तिला जवळ घेतलं. त्यांच्या बाहीत तोंड खुपसून ती रडली. इस्त्रीच्या पांढऱ्या बाहीला तिची लिपस्टिक लागली. एवढ्या वाईट वेळी त्या डागाचीच तिला लाज वाटली होती.

"बाकी बाही स्वच्छ होती?" वेल्माने विचारलं.

"हो. पांढरी शुभ्र."

वेल्मा उठली तेव्हा तिचे गुडघे वाजले. दवाखान्यात असताना एका खाणकामगाराची फुटलेली शीर तिने आपल्या दोन्ही मुठींनी दाबून धरली होती. तो जगला. पण त्या दिवशी घरी गेल्यावर तिला कोपरापासून खालचं सगळं कापड फेकून द्यावं लागलं होतं.

४

पिस्तूल एका पिशवीत होतं, होल्स्टर दुसऱ्या. रुग्णवाहिकेच्या माणसांनी कमरेचा पट्टा कापताना दोन्ही वेगळी केली होती. दोन पिशव्या, दोन क्रमांक, दोन सह्या. चार दिवसांत कुणालाही ती एकत्र करून बघावीशी वाटली नव्हती.

गुरुवारी सकाळी वेल्माने हातमोजे चढवले आणि आधी पँट पसरली. जांघेजवळच्या भोकाची कड आतल्या बाजूने जळली होती, बाहेरून नाही. म्हणजे गोळी सुटली तेव्हा नळी पँटच्या आत होती, होल्स्टर कमरेच्या आत खोचलेलं तसंच. मग तिने पिस्तुलाची यादी वाचली. सुटलेल्या गोळीची रिकामी पुंगळी नळीमागच्या घरातच अडकलेली, असं लिहिलं होतं. पिस्तूल मोकळ्या हाताने झाडलं तर वरचा भाग सरकून मागे जातो, पुंगळी बाहेर उडते आणि पुढची गोळी आत येते. इथे तसं झालं नव्हतं, कारण वरच्या भागाला सरकायला जागाच मिळाली नव्हती. तो होल्स्टरमध्ये आवळलेला होता, पोट आणि पट्ट्याच्या मध्ये. केल्बीच्या बाहीवरचे कण नुसतं उघड्या दाराशी उभं राहिल्यानेही लागू शकत होते.

केल्बीने पिस्तूल उपसलं नव्हतं. कुणीच उपसलं नव्हतं.

मग चाप ओढला कुणी? होल्स्टरमध्ये चाप झाकलेला असतो, असं डीकन जबाबात म्हणाले होते.

वेल्माने शेरीफच्या एका माणसाकडून पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून घेतली आणि ते होल्स्टरमध्ये सरकवलं. टॉर्चसाठी होल्स्टरला पुढे मोठं पोट काढलेलं होतं. टॉर्च असताना ते भरून जात असेल आणि सगळं घट्ट बसत असेल. आता तिथे नुसती पोकळी होती. वरून बघितलं की चापाभोवतीची कडी दिसत होती आणि कडीच्या आत चाप दिसत होता. तिने आपली करंगळी पोकळीत घातली. ती थेट चापापर्यंत पोचली.

रॉस्कोच्या जाकिटाच्या घेराला नाडी ओवलेली होती. उजव्या टोकाला नाडी आवळून धरायचं प्लास्टिकचं बोंड होतं, पेराएवढं. डाव्या टोकाला बोंड नव्हतं. रुग्णवाहिकेच्या कात्रीने जाकीट छातीवरून उभं कापलं होतं. नाडी मात्र कुणीतरी तिरकी कापली होती, बारीक धारेने.

तिने उजवं बोंड पोकळीत सोडलं. पिस्तूल थोडं वर उचललं, बसल्यावर वर यायचं तसं. बोंड घरंगळून कडीत शिरलं आणि चापाच्या पुढ्यात अडकलं. मग तिने मुठीवर तळहात ठेवला आणि खाली दाबलं. पिस्तूल खाली गेलं, बोंड होल्स्टरच्या कडेला अडून जागेवरच राहिलं, आणि त्याने चाप मागे ढकलला.

रिकामं पिस्तूल खट्कन वाजलं. शेरीफचा माणूस एक पाऊल मागे सरकला. वेल्माने मोजे काढले. कुणाचंही बोट न लागता माणूस कसा मेला ते तिला कळलं होतं. ते बोंड कुणी कापून नेलं, हे कळायचं राहिलं होतं, आणि गाडीपाशी तर एकच माणूस पोचलेला होता.

५

शुक्रवारी सकाळी ॲम्बर्गींच्या गॅरेजमध्ये भट्टी चालू होती आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास भरून राहिला होता. भिंतीवर खिळ्यांना होल्स्टरं टांगलेली, प्रत्येकाच्या आत पांढऱ्या रंगाने मालकाचं नाव. व्हर्जिलनी तिच्यासाठी स्टूल पुसून दिलं, कॉफी ओतली. ते दुष्ट नव्हते. वेल्माच्या नवऱ्याच्या शवपेटीला याच माणसाने खांदा दिला होता.

"ब्रदर व्हर्जिल, तुम्ही रॉस्कोची जखम दाबून धरली होती ना?"

"धरली होती."

"कुठे, ते दाखवता?"

त्यांनी आपल्याच मांडीवर मधोमध तळहात ठेवला. मग वेल्माकडे बघून तो किंचित गुडघ्याकडे सरकवला.

"तिथून रक्त आलंच नव्हतं," वेल्मा म्हणाली. "जांघेतून येत होतं. एकदा तिथे हात ठेवला असता तर जन्मभर विसरला नसतात. आणि तुमची बाही रेंडाने बघितली आहे."

व्हर्जिलनी भट्टी बंद केली. खाली बसले. पुढचं सगळं ते भिंतीवरच्या होल्स्टरांकडे बघत बोलले.

ते पोचले तेव्हा रॉस्को जिवंत होता. शुद्धीवर होता. "ब्रदर व्हर्जिल, काहीतरी अडकलंय," म्हणाला. त्यांनी खाली बघितलं आणि एका नजरेत त्यांना कळलं. नाडी त्यांच्या होल्स्टरमध्ये गेली होती. दहा दिवसांपूर्वी तेच होल्स्टर हातात घेऊन ते म्हणाले होते, स्क्रू आवळला की झालं. नवीन साचा घ्यायला एक दुपार लागली असती. त्या दिवशी त्यांची पाठ दुखत होती.

"आत बाकीचे तीस जण माझं होल्स्टर लावून जेवायला बसले होते," ते म्हणाले. "त्यांच्या बायका, पोरं."

"मग तुम्ही चाकू काढलात."

"आधी नाडी काढावी, मग जखम बघू, असं वाटलं. मिनिटभराचं काम वाटलं. बोंड निघेना. बोटं घसरत होती."

"किती वेळ लागला?"

व्हर्जिलनी तळहात गुडघ्यांवर पुसले. मग म्हणाले, "तो माझ्याकडे बघत होता. बोंड निघालं तेव्हा बघत नव्हता."

नाडीचा तुकडा त्यांनी त्याच दुपारी भट्टीत टाकला होता. केल्बीचं काय, असं वेल्माने विचारलं. त्याचा विचार रोज करतो, असं ते म्हणाले. पण त्याचं आयुष्य तसंही वाया गेलेलंच होतं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की वेल्मा कॉफी तशीच ठेवून उठली.

ती गाडीत येऊन बसली आणि तिने शेरीफला फोन लावला. सही थांबव म्हणाली.

"उशीर झाला, वेल्मा," शेरीफ म्हणाला. "नऊ वाजताच केली त्याने. सगळं कबूल केलंय. पिस्तूल कसं उपसलं, कसं धरलं, सगळं सांगितलंय."

६

कागद फिरवायला महिना गेला. शेरीफने आधी वेल्माचं म्हणणं ऐकून घेतलं नाही. मग एका दुपारी दार लावून आपल्या पिस्तुलाची गोळी काढली, टॉर्च सोडवली, आणि ते होल्स्टरमध्ये घालून हलवून बघितलं. त्यानंतर त्याने वाद घातला नाही. व्हर्जिल सरकारी वकिलापुढे नाडीचं बोलले, कापल्याचंही बोलले. किती मिनिटं लागली ते मात्र बोलले नाहीत, आणि त्या मिनिटांसाठी वकिलाला कुठलं कलमही सापडलं नाही. खोट्या जबाबाबद्दल त्यांना समज देण्यात आली. मृत्यू अपघाती म्हणून नोंदला गेला.

वेल्मा एका रविवारी चर्चमध्ये उभी राहिली आणि तिने रिकाम्या पिस्तुलावर सगळं करून दाखवलं: टॉर्च काढली तर होल्स्टर बदला, नाडीचं जाकीट घालू नका, पिस्तूल वर आलं तर न बघता दाबू नका. माणसं शांतपणे ऐकत होती. चौघांनी होल्स्टरं काढून दिली. बाकीचे म्हणाले, आपल्याला तर कधी काही झालं नाही. व्हर्जिल पहिल्या रांगेत बसले होते, आणि बाहेर पडताना लोक त्यांच्याशी हात मिळवत होते.

रेंडाला अहवाल वेल्माने स्वतः नेऊन दिला. रेंडाने तो उभ्याउभ्या वाचला.

"टॉर्च असती तर?" तिने विचारलं.

वेल्मा म्हणाली की नवीन होल्स्टर करून द्यायचं काम ज्याचं होतं त्याने ते केलं नाही.

"मी ते नाही विचारलं, मिस वेल्मा."

"असती तर नाडी आत गेली नसती."

रेंडाने मान हलवली, आभार मानले आणि दार लावून घेतलं.

केल्बी सुटला तो डिसेंबरच्या मध्यावर. वेल्मा त्याला घ्यायला गेली, कारण दुसरं कुणी येणार नव्हतं. आईकडे सोडते म्हणाली, तर तो म्हणाला, तिकडे नको, बसच्या थांब्यावर सोडा. अहवाल दाखवायला वेल्मा त्याच्या आईकडे जाऊन आली होती. म्हातारीने तो हातात धरला, उलटा-सुलटा केला, आणि म्हणाली, पण त्याने तर स्वतः सांगितलं ना. हे वेल्माने केल्बीला सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

थांब्यावर गाडी उभी राहिली. कुठे जाणार, असं तिने विचारलं. जी बस आधी येईल तिने, असं तो म्हणाला. मांडीवर कागदी पिशवी घेऊन तो उतरायचं विसरल्यासारखा बसून राहिला.

"सही केलीस तेव्हा खोटं का बोललास?" वेल्माने विचारलं. महिनाभर हा प्रश्न तिला टोचत होता.

"खोटं नव्हतो बोलत," केल्बी म्हणाला. "अकरा वेळा विचारलं त्यांनी. आई हात बघून गेली. मग मला दिसायला लागलं. मी वाकलोय, पिस्तूल काढलंय, गार लागतंय हाताला. मी जे दिसलं ते सांगितलं."

"पण तसं झालं नाही. कागदावर आहे ते. मी स्वतः करून बघितलंय."

"वाचला मी कागद. तुम्ही खरं लिहिलंय, मला माहीत आहे." त्याने उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला. "पण मला अजून दिसतं, मिस वेल्मा. रोज दिसतं. त्याला काय करू?"

बस आली. तो उतरला, पिशवी छातीशी धरून चढला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. बस वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली. त्याने मान वर केली नाही.